यंत्राचा खाडा

भांडी घासण्याचा इतिहास लिहायला कोणी बसलं, तर पहिला पुरावा त्याला महाभारतात सापडेल. वनवासात सूर्याने दिलेली ती थाळी द्रौपदीचं जेवण झालं की त्या दिवसापुरती रिकामी व्हायची. एके दिवशी ती जेवली, थाळी घासून पालथी घातली, आणि नेमके दुर्वास ऋषी शिष्यांचा तांडा घेऊन दारात हजर. ‘स्नान करून येतो, पानं मांडा,’ म्हणून मंडळी नदीवर गेली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. श्रीकृष्ण आले, त्यांनी थाळी मागवली, तिच्या कडेला चिकटलेलं भाजीचं एक पान शोधून तोंडात टाकलं, आणि तिकडे नदीवर दुर्वासांना करपट ढेकर आले. कीर्तनकार या कथेतून भक्तीचा महिमा सांगतात. मला मात्र त्यात दुसराच महिमा दिसतो. थाळी नीट घासली गेली नव्हती, म्हणून पांडव वाचले! द्रौपदीकडे डिशवॉशर असता तर महाभारत वनपर्वातच आटोपलं असतं.

त्याच श्रीकृष्णाने धर्मराजाच्या राजसूय यज्ञात उष्टी काढली असं सांगतात. पुढे पंढरपुरात विठ्ठल जनाबाईच्या मदतीला धावला. पैठणला नाथांच्या घरी तो श्रीखंड्या होऊन बारा वर्षं पाणी भरत राहिला. यावरून एवढंच सिद्ध होतं, की आपल्याकडे घरकाम इतकं कष्टाचं होतं, की त्यात मदत करायला घरातला पुरुष कधी उठल्याची नोंद नाही. थेट देवालाच यावं लागे.

अर्थात आपल्या पूर्वजांनी यावर एक फार हुशार तोड काढली होती. भांडंच वापरायचं नाही! केळीचं पान किंवा पत्रावळ घ्यायची, जेवायचं आणि उचलून टाकायची. मी राहतो त्या चारोटीच्या आसपास पळस भरपूर, त्यामुळे इथल्या पंगतींना पत्रावळीचा तुटवडा कधी पडला नाही. दोन-चार हजार माणूस जेवून उठावं आणि मोरीत फक्त पातेली आणि पळ्या उराव्यात, याहून मोठा शोध अजून तरी कुठल्या कंपनीने लावलेला नाही.

चारोटी कुठे आहे, असं विचारणाऱ्यांनी मुंबईहून अहमदाबादला जाताना कधीतरी इथे चहा नक्की घेतलेला असतो. फक्त तेव्हा ते झोपेत असतात. हायवेवरचा मोठा नाका, दोन्ही बाजूंना हॉटेलं, जवळच विवळवेढ्याची महालक्ष्मी, खाली सूर्या नदी. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी इथे घर बांधलं ते शांततेसाठी. हायवेच्या काठी शांतता शोधणारा माणूस म्हणून नातेवाइकांत माझी ख्याती आहे. पण गावाने मला एक गोष्ट शिकवली, की आकड्यांवर आणि नावांवर फार विसंबू नये. १ ऑगस्ट २०१४ ला आम्ही झोपेतून उठलो ते ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्ह्यात. घर जिथल्या तिथे. दारासमोरचा हायवे माझ्या तरुणपणी आठ नंबरचा होता, तो आता अठ्ठेचाळीस नंबरचा झाला. खड्डे जुन्याच नंबराचे.

तर मुद्दा भांड्यांचा. पत्रावळ पंगतीला ठीक, रोजच्या संसाराला भांडी हवीतच. आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात पितळ आणि तांबं होतं, आणि मोरीत राखेची कुंडी होती. राख ही काही गरिबांची नाइलाजाची वस्तू नव्हती. लाकडाच्या राखेत क्षार असतो, तो तेलकटपणाशी मिळून जागच्या जागी साबण तयार करतो. तांब्यापितळेचा काळपटपणा आंबटाने जातो म्हणून चिंच. घासायला नारळाची शेंडी. आजी कुठल्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकली नव्हती, पण क्षार कधी आणि आम्ल कधी, यात तिची कधी गल्लत झाली नाही. वर्षातून एकदोनदा कल्हईवाला यायचा. भाता, निखारे, नवसागराचा तो नाकात झोंबणारा धूर, आणि कापसाच्या बोळ्याच्या एका फटक्यात आतून चांदीसारखं होणारं पातेलं! त्या जादूपुढे सर्कस फिकी वाटायची.

मग स्टेनलेस स्टील आलं आणि कल्हईवाला गेला. त्याच्या जागी बोहारीण आली. बाबांची एक पँट आणि आईच्या दोन जरीच्या साड्या गेल्या की घरात एक पातेलं यायचं. बाबांना पँट गेल्याचं लग्नाला निघताना कळायचं. पातेल्यावर लगेच नाव घालून घ्यायचं. माझा असा दावा आहे की मराठी मध्यमवर्गाचा खरा इतिहास दप्तरखान्यात नसून भांड्यांच्या बुडाशी आहे. कोणी, कोणाला, कोणत्या तारखेला आणि कशाप्रीत्यर्थ दिलं, सगळं कोरलेलं. फक्त ते भांडं पुढे आयुष्यभर कोणी घासलं, ते मात्र कुठेही कोरलेलं नाही.

साहेबाच्या देशात या प्रश्नाकडे यंत्राच्या वाटेने पाहिलं गेलं. अमेरिकेत १८५० साली जोएल हाउटन नावाच्या गृहस्थाने भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं. ते लाकडाचं होतं. हाताने दांडा फिरवला की भांड्यांवर पाणी उडायचं. भांडी सोडून बाकी सगळं ओलं होत असणार. खरं चालणारं यंत्र केलं ते इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिलच्या जोसेफिन कॉक्रेन या बाईंनी. बाई खाऊनपिऊन सुखी, घरी मेजवान्या, उंची चिनी मातीची भांडी. नोकर घासताना ती भांडी कडेला उडवतात म्हणून बाईंना यंत्र हवं झालं, असं सांगतात. म्हणजे बघा, नोकरांच्या बोटांसाठी नव्हे, बश्यांच्या कडांसाठी! पुढे नवरा वारला, मागे कर्ज राहिलं, आणि हौसेचं यंत्र पोटापाण्याचं झालं. २८ डिसेंबर १८८६ ला पेटंट मिळालं. तारेचे कप्पे करून त्यांत बश्या उभ्या खोचायच्या, ते कप्पे तांब्याच्या हंड्यात फिरणाऱ्या चाकावर बसवायचे, आणि खालून साबणाच्या गरम पाण्याचा मारा. घासायचं नाही, पाण्याच्या जोरानेच मळ काढायचा. आजचा डिशवॉशरही हेच करतो. १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनात हे यंत्र गाजलं. त्याच वर्षी शिकागोत स्वामी विवेकानंदांचं भाषणही गाजलं. आपण भाषण घेतलं, यंत्र तिथेच राहिलं.

बाईंची गिऱ्हाइकं हॉटेलं. घरोघरी यंत्र जायला अमेरिकेतसुद्धा १९५० चं दशक उजाडावं लागलं. आपल्याकडे तर अडचणीच अडचणी. बशीसाठी केलेल्या खाचेत आपली कढई कशी बसणार? परात, तवा, झारा, कुकर? अॅल्युमिनियम घातलं तर काळं पडतं, लाकडी पोळपाट फुगतो. आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे, धुणारी माणसं स्वस्त होती.

ती माणसं एकदम यायची बंद झाली, २५ मार्च २०२० ला. टाळेबंदीत शहरांमधल्या कित्येक पुरुषांना प्रथमच कळलं, की भांडी जेवणानंतर आपोआप स्वच्छ होत नाहीत. पाठोपाठ डिशवॉशरला असा उठाव आला की दुकानांत यंत्र मिळेना. पुण्याला आमच्या चिरंजीवांनी नंबर लावून एक मिळवलं. पुढे त्यांनी त्याहून मोठं घेतलं आणि पहिलं टेम्पोत घालून चारोटीला पाठवलं. आईबापांचं घर म्हणजे जुन्या वस्तूंचा वृद्धाश्रम असतो. त्यात आम्ही दोघं आधीपासून होतोच.

यंत्र आमच्याकडे बरं रमलं. दहा-बारा लिटर पाण्यात सगळं उरकायचं. मला त्यातली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्याला मीठ लागतं. जाड पाण्यातले चुन्याचे क्षार पकडायला आत एक राळ असते, ती दमली की मिठाच्या पाण्याने ताजीतवानी होते. खाल्ल्या मिठाला जागणारं यंत्र मी प्रथमच पाहिलं. कामाला येणाऱ्या मावशी सुरुवातीला त्याच्याकडे सवतीकडे बघावं तशा बघायच्या. मग कढई, कुकर आणि तवा आपल्याकडेच आहेत हे लक्षात आल्यावर त्यांनी त्याला घरात घेतलं.

आणि गेल्या चैत्रात यंत्र बंद पडलं. काचेवर आकडा उमटला, ई-१५. खाली कुठेतरी पंप घूं घूं करत राहिला.

आता आकड्यात बोलण्याचं आपल्याला काही नवल नाही. तारखात्यात शुभेच्छांच्या तारांना नंबर असत. दिवाळीला एक, लग्नाला दुसरा, परीक्षेच्या यशाला तिसरा. नुसता आकडा कळवायचा आणि पलीकडे अख्खं वाक्य छापून निघायचं. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली, पण नंबर काही गेले नाहीत, ते यंत्रांच्या पोटात शिरले. पूर्वीची यंत्रं आपल्या बोलीत कण्हायची. पंप गरम झाला की वास यायचा, मिक्सर अडला की ओरडायचा, कुकर तर शिट्ट्या मारूनच बोलायचा. पोटात चिप गेल्यापासून यंत्रं सुशिक्षित झाली. १९८१ साली आयबीएमचा घरगुती संगणक आला, तो सुरू होताना स्वतःची नाडी स्वतः बघायचा आणि बिघाड असला तर ठरावीक पिप पिप करून सांगायचा. त्याच सुमाराला अमेरिकन मोटारीही आपलं दुखणं दिव्याच्या उघडझापीने सांगू लागल्या. आता भांडी घासणारं यंत्रही त्या पंक्तीला बसलं.

कंपनीला फोन केला. तिथल्या मुलीने माझा पिनकोड तीनदा विचारला आणि ‘चार कामकाजाच्या दिवसांत’ वापीहून नाहीतर बोईसरहून माणूस येईल असं सांगितलं. पुस्तिकेत डझनभर भाषा होत्या, त्यांत मराठी नव्हती. पण एवढं कळलं, की ई-१५ म्हणजे यंत्राच्या तळाच्या ताटात पाणी आलं आहे.

हा प्रकार मोठा गमतीचा आहे. यंत्राच्या बुडाशी एक उथळ ताट असतं, त्यात थर्माकोलची एक चकती पडून असते. ताट कोरडं तोवर चकती स्वस्थ. कुठून पाणी गळून ताटात साचलं की चकती तरंगते, वरचं बटण दाबलं जातं, आणि यंत्र नवं पाणी घेणं थांबवून आतलं पाणी बाहेर फेकत बसतं. घरात पूर येऊ नये म्हणून ही सोय. मला लगेच लग्नातलं घटिकापात्र आठवलं. तळाला भोक पाडलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं झाली. आपली वाटी बुडाली की मुहूर्त साधायचा. यांची चकती तरंगली की मुहूर्त टळतो, एवढाच फरक.

म्हणजे ई-१५ हा रोगच नव्हे. ‘तळात पाणी आहे’ एवढंच तो सांगतो. पाणी कुठून आलं, यावर तो मौन पाळतो. नळीचा पट्टा सुटला असेल, पंपाचं रबर गेलं असेल, दाराचं रबर गेलं असेल. पाणी पुसलं की आकडा जातो, पण कारण राहिलं तर तो पुन्हा हजर. तापाला पट्टी ठेवण्यासारखं आहे हे.

त्या वेळी महालक्ष्मीच्या यात्रेसाठी आमचे मेहुणे सहकुटुंब मुक्कामाला होते. चैत्री पौर्णिमेपासून पंधरा दिवस यात्रा चालते आणि मेहुणे तितकेच दिवस राहतात. ‘भावोजी, हे मदरबोर्डचं काम आहे,’ ते म्हणाले. मेहुण्यांच्या मते जगातलं सगळंच मदरबोर्डचं काम असतं. पूर्वी ते सगळं गॅसेसमुळे असायचं.

मी नळ बंद केला, प्लग काढला. पाणी आणि वीज एका खोक्यात असली की ही दोन कामं आधी करायची, शौर्य नंतर. खालची पट्टी स्क्रू काढून सोडवली आणि बॅटरी मारली. ताटात पाणी होतं खरं. मी नळ्या चाचपू लागलो, तेवढ्यात मावशी पदर खोचून शेजारी उकिडव्या बसल्या. त्यांनी नळ्यांकडे पाहिलंच नाही. ताटात बोट घातलं, अंगठ्यावर चोळलं आणि वास घेतला.

‘काका, हे गळलेलं पाणी नाही. फेस उतू गेलाय.’

‘कशावरून?’

‘बुळबुळीत लागतंय. आणि लिंबाचा वास येतोय. याच्यात कोणीतरी माझा हिरवा साबण ओतलाय.’

हिरवा साबण म्हणजे मोरीवरची पातळ साबणाची बाटली. ती कालपेक्षा चार बोटं खाली गेलेली होती. तपास मेहुण्यांपर्यंत यायला वेळ लागला नाही. यंत्राची पूड संपली होती, म्हणून आदल्या रात्री त्यांनी आपल्या बुद्धीने ‘साबण तो साबण’ म्हणून ती ओतली होती. आपल्याकडे फेसाशिवाय स्वच्छता झाली असं मनाला पटतच नाही. रिठ्यापासूनची सवय आहे ही. पण यंत्राची पूड मुद्दाम फेस न येणारी केलेली असते, कारण तिथे मळ काढतो पाण्याचा मारा, आणि फेस त्या माऱ्याच्या वाटेत गादीसारखा आडवा येतो. शिवाय तो फुगत फुगत दाराच्या फटीतून उतरतो आणि ताटात जाऊन त्याचं पाणी होतं. चकती तरंगते. ई-१५!

स्पंज आणि जुनं धोतर घेऊन आम्ही ताट कोरडं केलं. आतला साबण मावशींनी पुसून काढला. रात्रभर पंख्याखाली वाळू दिलं. सकाळी नळ सोडला, प्लग लावला. आकडा गेला होता. रिकामं यंत्र साध्या पाण्यावर तीन वेळा फिरवलं आणि दर वेळी बॅटरी मारून ताट पाहिलं. कोरडं ठणठणीत. गळती असती तर पाणी पुन्हा आलं असतं. निदान मावशींचंच खरं. कंपनीच्या माणसाला येऊ नका म्हणून कळवलं, तरी तो पाचव्या दिवशी आला आणि चहा घेऊन गेला.

‘पण भावोजी,’ त्या रात्री मेहुण्यांनी विषय बदलला, ‘यंत्र असताना मावशींचा पगार तोच का?’

सौ. काही बोलली नाही. तिने फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. ते कॅलेंडर हाही इतिहासाचाच विषय आहे. कालनिर्णय १९७३ मध्ये निघालं आणि मराठी घरात पंचांग व जमाखर्च एकाच खिळ्यावर टांगले गेले. एकादशीच्या चौकोनातच दूध किती आणि गॅस कधी हे लिहायचं, आणि कामाची बाई आली नाही की ‘खा’. खा म्हणजे खाडा. हा आपला घरगुती ई-१५. यंत्र थांबलं एवढं तो सांगतो, का थांबलं ते नाही.

सौ. जुनी कॅलेंडरं टाकत नाही, मागच्या बाजूला हिशेब करायला ठेवते. मेहुण्यांच्या प्रश्नाने तिने ती खाली काढली. मावशी आमच्याकडे आल्यापासूनची होती. आम्ही ती जमिनीवर पसरली आणि एखाद्या शिलालेखासारखी वाचू लागलो. वर्षभर चौकोन बहुतेक कोरे. इकडे एक ‘खा’, तिकडे एक. पण जुलैत दर वर्षी न चुकता सात-आठ ‘खा’ ओळीने उभे! दुसरा गठ्ठा ऑगस्टअखेर, दोन-तीन दिवसांचा. मराठी घरांनी इतकी वर्षं खाड्याचा हिशेब ठेवला, पैसे कापायचे की नाही यावर वादही घातले. पण त्या एका अक्षराखालचं ताट कोरडं आहे की ओलं, हे बॅटरी मारून पाहायची पद्धत आपल्याकडे पडलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सौ.ने मावशींना विचारलं. त्यांना प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं.

‘जुलैत आवणी नाही का, काकू? तेवढ्या दिवसांत रोपं लागली नाहीत तर वर्षाचा भात गेला. भात काय मशीनमध्ये होतो?’

‘आणि ऑगस्टात?’

मावशींनी पाय पुढे केला आणि लाजून मागे घेतला. आवणीच्या चिखलात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, वरून हाताला साबणाचं पाणी. भेगा भरून यायला दोन-तीन दिवस लागतात. तळात एवढंसं पाणी आलं तर यंत्र आपण होऊन थांबतं आणि वापीहून माणूस निघतो. यांच्या तळात इतकी वर्षं दर पावसाळ्यात पाणी येत होतं, आणि काम चालूच होतं.

मेहुणे यात्रा आटोपून गेले. जाताना त्यांनी यंत्राची पूड आणून दिली, तीही भल्या मोठ्या डब्यात, हे नमूद केलंच पाहिजे. पगार तोच राहिला. मोरीवर रबरी हातमोजे आले. मावशी ते घालून घासतात आणि शेजारणीला दाखवतातही. पुढच्या जुलैचं पान सौ.ने आत्ताच उलटून पाहिलं आणि पहिल्या पंधरवड्यातल्या आठ चौकोनांत ‘खा’ऐवजी ‘र’ लिहिलं. र म्हणजे रजा, भरपगारी.

मी बँकेत पस्तीस वर्षं काढली, तेव्हा रजेचा अर्ज कसा असतो ते मला ठाऊक आहे. मी मावशींना म्हटलं, ‘आवणी पाऊस येईल तशी. तारखा पुढेमागे झाल्या तर कळवा.’

‘कळवीन की,’ मावशी म्हणाल्या, ‘पण काका, ते आठ दिवस कढई कोण घासणार? ती तर तुमच्या मशीनमध्ये मावत नाही.’

सौ.ने माझ्याकडे पाहिलं. जुलैच्या त्या आठ चौकोनांत आता ‘र’च्या खाली बारीक अक्षरात आणखी एक अक्षर आहे. ते माझ्या नावाचं आद्याक्षर आहे.